वेदनेची नाकेबंदी



शस्त्रक्रिया म्हटली कीं भूल आली, आणि भूल म्हटली कीं रोगी गाढ निजलेला असावयाचा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पण आज आपल्या शहरांत ज्या स्त्रियांचें बाळंतपण पोट उघडून करावें लागतें, त्यांपैकीं पुष्कळजणी त्या वेळीं पूर्ण जाग्या असतात. पडद्यापलीकडे शस्त्र चाललेलें असतें, आणि पडद्याअलीकडे ती माउली आपल्या बाळाचें पहिलें रडणें स्वतःच्या कानांनीं ऐकत असते. अपघातांत बरगड्या मोडलेल्या माणसाला श्वास घेणें म्हणजे शिक्षा वाटते. त्याची ती कळही कण्याशेजारीं दिलेल्या एका सुईनें शमूं शकते. जागेपणीं वेदना नाहीं, हें कसें घडतें? हा प्रश्न जितका शरीरशास्त्राचा, तितकाच इतिहासाचाही आहे. मी वैद्य नव्हे. माझा सारा जन्म शाळेंत मुलांना शिकविण्यांत गेला. तेव्हां औषधोपचाराची गोष्ट डॉक्टरांवर सोपवून, ही विद्या माणसाच्या हातीं कशी आली आणि तिच्यासाठीं कोणीं काय किंमत मोजली, एवढेंच आज मी सांगणार आहें.

भुलेचा इतिहास सामान्यतः १६ ऑक्टोबर १८४६ या दिवसापासून सांगतात. त्या दिवशीं अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं मॉर्टन नांवाच्या दंतवैद्यानें एका तरुणास ईथरची वाफ हुंगविली, आणि वॉरेन या वृद्ध शस्त्रवैद्यानें त्याच्या मानेवरील गांठीवर शस्त्र चालविलें. त्यापूर्वीं शस्त्रक्रिया म्हणजे चार धट्ट्याकट्ट्या माणसांनीं रोग्यास दाबून धरावें आणि शस्त्रवैद्यानें घाईघाईनें काम उरकावें, असा प्रकार होता. पुढच्याच वर्षीं, नोव्हेंबर १८४७ मध्यें, एडिंबरोच्या सिम्सन यांनीं क्लोरोफॉर्म प्रचारांत आणलें. जगाला वाटलें, वेदनेवर विजय मिळाला. पण तीन महिनेही लोटले नाहींत तोंच, जानेवारी १८४८ मध्यें, इंग्लंडांत न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नांवाची १५ वर्षांची मुलगी पायाचें नख काढण्यासाठीं दिलेल्या क्लोरोफॉर्मनें दगावली. नखासाठीं जीव गेला! वेदना घालविणारें औषध कधीं कधीं प्राणही घेतें, ही शंका तेव्हांपासून शस्त्रवैद्यांच्या मनांत घर करून बसली.

या शंकेचा निकाल लावण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्या दख्खनमध्येंच झाला. निजामाच्या आश्रयानें हैदराबाद येथें १८८८ व १८८९ सालीं दोन क्लोरोफॉर्म कमिशनें बसलीं. आपला मराठवाडा तेव्हां त्याच संस्थानांत मोडत असे. एडवर्ड लॉरी हे या कामाचे प्रवर्तक. दुसऱ्या कमिशनसाठीं लंडनहून लॉडर ब्रंटन यांना मुद्दाम बोलाविण्यांत आलें. शेंकडों प्राण्यांवर प्रयोग करून कमिशननें निर्वाळा दिला कीं, श्वासावर नीट लक्ष ठेवल्यास हृदयास भय नाहीं. परंतु १९११ सालीं लेव्ही या इंग्रज संशोधकानें दाखवून दिलें कीं, क्लोरोफॉर्म हलक्या प्रमाणांत दिलें असतांही हृदय एकाएकीं बंद पडूं शकतें. म्हणजे शंका खरीच होती.

दरम्यान कांहीं लोकांच्या मनांत एक वेगळाच विचार येऊं लागला होता. दुखणार आहे पाय. मग त्यासाठीं मेंदूला कां झोंपवावयाचें? पायाची बातमी ज्या वाटेनें मेंदूकडे जाते, ती वाटच मध्यें अडविली तर? शत्रूच्या मुलखांतील बातमी येऊं द्यावयाची नसेल तर राजधानी बंद करावी लागत नाहीं. वाटेवरचें एक नाकें बंद केलें तरी पुरतें.

ही वाट कशी आहे, तें थोडक्यांत पाहूं. कण्याच्या पोकळींतून मज्जारज्जु खालीं उतरतो. त्याच्या दोन्ही अंगांनीं मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात व मणक्यांमधील फटींतून बाहेर पडून शरीरभर पसरतात. प्रत्येक तंतूचा मुलूख ठरलेला आहे. छातीच्या भागांतील चौथा तंतु स्तनाग्राच्या पातळीवरचा पट्टा सांभाळतो. दहावा बेंबीच्या पातळीवरचा. ही वांटणी आपल्या घरांतही क्वचित् डोळ्यांना दिसते. ज्याला आपण नागीण म्हणतों, तो फोडांचा पट्टा पाठीच्या कण्यापासून निघून अंगाच्या एकाच बाजूनें पुढें छातीकडे वळतो. नागिणीचें तोंड व शेपूट एकत्र आलें कीं माणूस दगावतो, अशी भीति आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घातली जाते. खरें पाहतां नागीण मध्यरेषा सहसा ओलांडीतच नाहीं. कारण ती बहुधा एकाच बाजूच्या एकाच तंतूच्या मुलखांत फिरते. लंडनचे हेन्री हेड यांनीं कँबेल यांच्यासह १९०० सालीं नागिणीच्या रोग्यांचा अभ्यास करून या पट्ट्यांचा नकाशा प्रसिद्ध केला. एका रोगानें अंगावर काढलेली ही आकृति पुढें भूल देणाऱ्यांना वाटाड्यासारखी उपयोगी पडली.

वाट कळली तरी ती अडविण्यास साधनें हवीं होतीं. पोकळ सुईची पिचकारी १८५३ च्या सुमारास स्कॉटलंडांत वुड यांनीं व फ्रान्समध्यें प्रावाझ यांनीं उपयोगांत आणली. औषध आलें दक्षिण अमेरिकेंतून. तेथील अँडीज पर्वतांतले लोक आपल्याकडील विड्याप्रमाणें कोकाचीं पानें तोंडांत धरतात. त्या पानांतील सत्त्व, म्हणजे कोकेन, जर्मनींतील गॉटिंगेन येथें नीमन यांनीं १८६० च्या सुमारास वेगळें काढलें, व त्यानें जीभ बधिर होते हेंही नमूद केलें. पण ही एवढीशी नोंद जवळजवळ पाव शतक तशीच पडून राहिली. अखेर १८८४ सालीं व्हिएन्नाचे तरुण डॉक्टर कार्ल कोलर यांनीं कोकेनचे थेंब प्रथम बेडकाच्या व नंतर स्वतःच्या डोळ्यांत घालून पाहिले, आणि डोळ्याला टांचणी लावली तरी कळत नाहीं असें त्यांना आढळलें. १५ सप्टेंबर रोजीं हायडेलबर्ग येथील नेत्रवैद्यांच्या सभेंत ही वार्ता जाहीर झाली. पण ती कोलर यांच्या तोंडून नव्हे. त्यांच्यापाशीं प्रवासखर्चाला पैसे नव्हते; त्यांचा निबंध दुसऱ्या एका डॉक्टरांनीं वाचला.

औषध तंतूवर काय करतें, याचा उलगडा पुष्कळ उशिरां झाला. १९५२ सालीं हॉजकिन व हक्सले या इंग्रज शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, तंतूंतून जाणारी बातमी म्हणजे मिठांतल्या सोडियमच्या कणांचा तंतूच्या आवरणांतून आंत घुसणारा लोंढा होय. हे कण आंत येण्याचीं दारें कोकेनच्या जातीचीं औषधें कांहीं काळ लावून घेतात. दारें बंद, म्हणून लोंढा नाहीं. लोंढा नाहीं, म्हणून बातमी नाहीं. औषध रक्तांत विरून गेलें कीं दारें पुन्हां उघडतात. वेदना वाहणारे तंतु बारीक असल्यानें ते लवकर बधिर होतात. हालचालीचे जाड तंतु मागाहून. म्हणून औषध बेताचें दिलें तर दुखणें थांबतें, आणि पाय मात्र थोडाफार हलवितां येतो.

कोलर यांची वार्ता अमेरिकेंत पोहोंचतांच न्यूयॉर्कच्या हॉल्स्टेड यांनीं मोठाल्या तंतूंच्या आसपास कोकेन टोचून हात व जबडा बधिर करण्याचे प्रयोग आरंभिले. प्रयोग त्यांनीं स्वतःवरही केले, आणि त्या कोकेननेंच त्यांना ग्रासलें. पुढें ते बाल्टिमोर येथें जगप्रसिद्ध शस्त्रवैद्य झाले. पण व्यसनाचें ओझें त्यांना वाहावें लागलें. या विद्येनें घेतलेली ही एक किंमत.

आतां कण्याकडे वळूं. १८८५ मध्यें न्यूयॉर्कच्या कॉर्निंग यांनीं पाठीच्या मणक्यांमध्यें कोकेन टोचून शरीराचा खालचा भाग बधिर करून दाखविला. पण औषध नेमकें कोठें गेलें हें त्यांनाही पुरतें उमगलें नव्हतें. १८९१ सालीं जर्मनींतील कील शहरीं क्विंके यांनीं कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून मज्जारज्जूभोंवतालचें पाणी काढण्याची रीत बसविली. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मोठ्या माणसाचा मज्जारज्जु कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशींच संपतो. त्याखालीं तंतूंच्या सुट्या बटा पाण्यांत लोंबत असतात. सुई त्या भागांत घालावयाची असल्यामुळें ती रज्जूंत शिरण्याचें कारण नसतें.

याच कील शहरांत आउगुस्ट बीअर यांनीं १६ ऑगस्ट १८९८ रोजीं एका ३४ वर्षांच्या मजुराला कमरेंतून कोकेन दिलें. त्याच्या घोट्याला क्षयानें ग्रासलें होतें, आणि पूर्वीच्या भुलेचा त्याला फार त्रास झाला होता. या खेपेस तो जागा राहिला व त्याला वेदना झाली नाहीं. अशा सहा रोग्यांवर काम झालें. पण कांहींना मागाहून डोकेदुखी व ओकाऱ्या झाल्या. त्या कशानें होतात तें पाहण्यासाठीं २४ ऑगस्ट रोजीं बीअर स्वतःच टेबलावर आडवे झाले. त्यांचे सहाय्यक हिल्डेब्रांट यांनीं सुई घातली. पण पिचकारीचें तोंड सुईला बसेना. औषध सांडलें आणि कण्यांतलें पाणी गळून गेलें. तेव्हां हिल्डेब्रांट आडवे झाले. त्यांच्या पायांत सुया टोचल्या, कातडीला पेटती सिगार टेकविली, नडगीवर लोखंडी हातोडा मारला. तरी वेदना म्हणून नाहीं! पाऊण तासानें संवेदना परतली, आणि संध्याकाळीं दोघांनीं मद्यपान करून आनंद साजरा केला. पण पुढें बीअर यांचें डोकें नऊ दिवस उठूं दिलें नाहीं इतकें दुखत राहिलें. आडवें झालें कीं थांबे, उठलें कीं पुन्हां सुरू होई. हिल्डेब्रांट यांचीही डोकेदुखी व ओकाऱ्या यांतून सुटका झाली नाहीं.

बीअर यांचा खरा मोठेपणा मला यापुढें दिसतो. कण्यांतलें पाणी गळाल्यानें डोकें दुखतें हें त्यांनीं ताडलें, तें छापून प्रसिद्ध केलें, आणि कोकेनपेक्षां कमी विषारी औषध मिळेपर्यंत आपणच काढलेल्या रीतीविषयीं हात आंखडता घेतला. शोध लावणारा माणूस आपल्या शोधाचे दोष प्रथम सांगतो, हें दृश्य दुर्मिळ आहे. डोकेदुखीचा इलाज पुढें सुईंतच निघाला. १९५१ च्या सुमारास पेन्सिलीच्या टोंकासारखी सुई आली. ती वेष्टण कापीत नाहीं, त्याचे धागे बाजूला सारते. सुया बारीकही होत गेल्या, आणि बीअर यांचें नऊ दिवसांचें दुखणें पुढील रोग्यांच्या वांट्यास क्वचितच येऊं लागलें.

कमी विषारी औषधही लवकरच मिळालें. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आइनहॉर्न यांनीं तयार केलेलें नोव्होकेन १९०५ मध्यें वापरांत आलें. त्याच वर्षीं ह्यूगो सेलहाइम या जर्मन स्त्रीरोगवैद्यांनीं एक नवी जागा शोधली. कण्याच्या नळींत शिरावयाचेंच कशाला? तंतु मणक्यांच्या फटींतून बाहेर पडतो, तेथेंच कण्याच्या शेजारीं त्याला गांठावा. १९११ मध्यें आर्थर लेवेन यांनीं या रीतीला 'पॅराव्हर्टिब्रल', म्हणजे कण्याच्या बाजूची, असें नांव दिलें, व १९१९ मध्यें मॅक्स काप्पिस यांनीं ती आणखी सुधारली. लेवेन यांनीं तर तिचा उपयोग रोगाचें निदान करण्यासाठींही केला. पोटांत कळ आली तर ती पित्ताशयाची कीं मूत्रपिंडाची, हें कोणता तंतु बधिर केल्यानें ती थांबते त्यावरून ते ओळखीत.

या जागेचा लाभ समजून घेण्यासारखा आहे. रक्तवाहिन्यांना आंवळून धरणारे तंतूही कण्यांतूनच निघतात. नळींत औषध दिलें कीं दोन्ही बाजूंचे तंतु बधिर होतात, वाहिन्या सैलावतात आणि रक्ताचा दाब उतरतो. कण्याशेजारीं एकाच बाजूस औषध दिलें तर जेथें शस्त्रक्रिया असेल तेवढाच पट्टा बधिर होतो, आणि रक्ताचा दाब फारसा ढळत नाहीं. अडचण एवढीच कीं, छातीच्या भागांत या जागेला लागूनच फुप्फुस असतें, आणि सुई खोल गेली तर त्याच्या आवरणाला भोंक पडूं शकतें.

नळी व शेजार यांच्यामध्यें आणखी एक जागा आहे. ती मज्जारज्जूच्या जाड वेष्टणाच्या बाहेर पण हाडांच्या आंत असते. तिला 'एपिड्यूरल' म्हणतात. कमरेंतून तेथें औषध देण्याची पद्धत १९२१ सालीं फिदेल पाहेस या स्पॅनिश लष्करी शस्त्रवैद्यानें ४३ शस्त्रक्रियांच्या अनुभवासह प्रसिद्ध केली. दोनच वर्षांनीं, १९२३ मध्यें, मोटारच्या अपघातांत पाहेस यांचा अंत झाला. निबंध स्पॅनिश भाषेंत, लेखक हयात नाहीं. बाहेरच्या जगाला पत्ताच लागला नाहीं. दहा वर्षांनीं, १९३१ मध्यें, इटलीच्या दोल्योत्ती यांनीं तीच जागा शोधून काढण्याची सोपी खूण सांगितली. सुई पुढें सरकवीत असतां पिचकारीचा दट्ट्या अंगठ्याला विरोध करतो. जागा आली कीं तो विरोध एकदम नाहींसा होतो. कीर्ति दोल्योत्तींना मिळाली; पाहेस यांना त्यांचें श्रेय मागाहून देण्यांत आलें. ज्या भाषेंत शोध लिहिला जातो ती भाषाही त्याचें भवितव्य ठरविते, हें आपण मराठी माणसांनीं ध्यानांत घेण्याजोगें आहे. १९४७ मध्यें क्यूबांतील हवाना येथें मार्तीनेस कुर्बेलो यांनीं त्याच जागेंत बारीक नळी ठेवून दिली, त्यामुळें औषध पुन्हां पुन्हां देतां येऊं लागलें.

पण त्याच १९४७ सालीं या विद्येवर मोठा आघात झाला. १३ ऑक्टोबर रोजीं इंग्लंडांतील चेस्टरफील्डच्या रुग्णालयांत वुली व रो या दोघांवर किरकोळ शस्त्रक्रिया झाल्या. दोघांनाही कण्यांतून भूल दिली होती, आणि दोघांचेही पाय कायमचे गेले. खटला झाला. औषधाच्या कांचेच्या कुप्या ज्या फिनॉलच्या द्रावणांत बुडवून ठेवीत, तें फिनॉल डोळ्यांना न दिसणाऱ्या तड्यांतून आंत झिरपलें, असें न्यायालयानें मानलें. पण असे तडे जाऊं शकतात हें त्या काळीं कोणास ठाऊक नव्हतें. म्हणून डॉक्टर व रुग्णालय दोषी नाहींत, असा निकाल १९५४ मध्यें अपिलांतही कायम झाला. आजचा चष्मा लावून कालचा अपघात पाहूं नये, असा न्यायमूर्ति डेनिंग यांच्या म्हणण्याचा आशय होता. कायद्यानें तो न्याय असेलही. पण त्या दोघांच्या पदरीं मात्र कांहींच पडलें नाहीं. पुढील संशोधकांनीं फिनॉलऐवजीं उपकरणें उकळण्याच्या भांड्यांत राहिलेल्या आम्लाकडे बोट दाखविलें. कारण कोणतेंही असो, इंग्लंडांत कण्याच्या सुईविषयीं बसलेली दहशत पुष्कळ वर्षें टिकली. एव्हांना क्युरारेसारखीं स्नायु सैल करणारीं औषधें आल्यानें झोंपेची भूलही पूर्वीपेक्षां सोपी झाली होती. तेव्हां कण्याच्या बाजूची रीत अगदींच मागें पडली.

तिला पुन्हां उजेडांत आणलें १९७९ सालीं ईसन व वायट या दोघांनीं. त्यांनीं छातीच्या शस्त्रक्रियेंत तिचा फेरविचार करून कण्याशेजारीं बारीक नळी ठेवण्याची युक्ति सांगितली. मग १९९४ मध्यें व्हिएन्ना येथें, जेथें कोलर यांनीं डोळ्यांत थेंब घातले त्याच शहरीं, ध्वनिलहरींच्या यंत्राच्या पडद्यावर पाहत तंतूंभोंवतीं औषध देण्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. आतां सुई आंधळेपणानें जात नाहीं. तिचें टोंक व फुप्फुसाचें आवरण दोन्ही पडद्यावर दिसतात. २०१६ सालीं फोरेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तर सुई आणखी बाहेर, कण्यालगतच्या उभ्या स्नायूच्या तळाशीं नेली. तेथें दिलेलें औषध वेदना कशी कमी करतें, याबद्दल जाणत्यांत अद्याप वाद चालू आहे. स्तनाच्या, छातीच्या व मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियांत या रीति बहुधा झोंपेच्या भुलेच्या जोडीला वापरतात. रोगी जागा झाल्यावर त्याला मॉर्फिनची गरज कमी भासते, खोकतां येतें, आणि छाती भरून येण्याचा धोका टळण्यास मदत होते.

या साऱ्या हकीकतींत मला एक सूत्र दिसतें. आरंभीं वेदना घालविण्यासाठीं सबंध माणूस झोंपविला. मग त्याचा खालचा अर्धा देह बधिर केला. मग एका बाजूचा एक पट्टा. ज्ञान जसजसें वाढलें, तसतसा उपाय लहान होत गेला. जेवढें हवें तेवढेंच करावें, हा शहाणपणा शिकावयास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला.

शेवटीं घरोघरीं ऐकूं येणाऱ्या एका भीतीविषयीं. "पाठींत सुई घेतली, तेव्हांपासून कंबर जन्माची गेली," असें पुष्कळ बायका सांगतात. त्यांचें दुखणें खोटें नव्हे. पण ज्या स्त्रियांनीं बाळंतपणांत एपिड्यूरल सुई घेतली व ज्यांनीं घेतली नाहीं त्यांची तुलना केली, तेव्हां दीर्घकाळच्या कंबरदुखीचें प्रमाण दोहोंत सारखेंच आढळलें. ब्रिटनमध्यें सात लाखांहून अधिक वेळां कण्यांतून दिलेल्या भुलेची पाहणी होऊन तिचा वृत्तांत २००९ सालीं प्रसिद्ध झाला. कायमची इजा दर लाखांत सुमारें २ ते ४ जणांना झाली असावी, असें तींत दिसलें. हा आंकडा शून्य नाहीं. म्हणून विचारण्यासारखें असेल तें आधींच विचारावें. रक्त पातळ करणारीं औषधें चालू असतील, पूर्वीं एखाद्या औषधाचा त्रास झाला असेल, पाठीवर कांहीं फोड वा जखम असेल, तर तें भूल देणाऱ्या डॉक्टरांस न लपवितां सांगावें. आपल्याकडे शस्त्रक्रिया करणाऱ्याचें नांव घरांतल्या सर्वांना ठाऊक असतें; भूल देणाऱ्याचें नांव कोणी विचारीतही नाहीं. तें विचारावें, आणि त्यांच्याशीं चार शब्द बोलावे. बीअर यांनीं आपल्या रीतीचे दोष स्वतः होऊन सांगितले होते. तेव्हां त्यांच्या विद्येचा वारसा चालविणाऱ्यांस रोग्यानें प्रश्न विचारले, तर त्यांत कोणाचाही अपमान नाहीं.